चाक खोलून बघ

सामाजी झिराडकरांनी आयुष्यात दोन गोष्टी कधी केल्या नव्हत्या. शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या शब्बातला, विसाव्याच्या दिवशी, ते वाहनात बसले नव्हते, आणि कुणाच्या गाडीचा ब्रेक त्यांनी जाणूनबुजून वाईट बसवला नव्हता. अठ्ठावन्न वर्षं एवढं सांभाळल्यावर माणसाला वाटतं, आता आपल्या हातून भलतंसलतं काही व्हायचं नाही. सामाजींनाही तसंच वाटत होतं. मग त्यांच्या मुलाने, अव्नेरने, ती गाडी घरी आणली.

गाडी म्हणजे एक जुनी अमेरिकन टॅक्सी. सात-सात माणसं कोंबून बेर शेवाच्या वाऱ्या करून तिची हाडं खिळखिळी झालेली. बोनेट एवढं लांबरुंद की वर चौघांची पंगत बसावी. वजन पावणेदोन टन. अव्नेरने तिला इस्रायलमधल्या अश्दोदच्या त्यांच्या इमारतीखाली उभी केली आणि वर येऊन सांगितलं, की मे महिन्यात वाळूतल्या जुन्या विमानतळावर मोटारवाल्यांचा क्लब शर्यत भरवणार आहे. एकेक गाडी सोडायची, घड्याळ लावून. "मी ही नेणार," तो म्हणाला. शर्यत शनिवारी होती, कारण या देशात लोकांना मोकळा दिवस तोच. सामाजींनी कपाळाला आठ्या घातल्या, पण बोलले नाहीत. दीड वर्षात मुलगा पहिल्यांदाच एका दमात एवढी वाक्यं बोलला होता.

१९७३ च्या लढाईत अव्नेरचा रणगाडा जळाला. आत चौघे होते, बाहेर एकटा अव्नेर आला. डाव्या हाताची बोटं भाजून आखडली होती, बाकी अंगाला ओरखडा नव्हता. घरी आल्यापासून तो जेवायचा, आंघोळ करायचा, खिडकीशी बसायचा. त्याची आई रिबेका मराठीत काही विचारी, तो हिब्रूत उत्तर देई, तेही एकाच शब्दात: "बसेदेर." ठीक आहे. मुलगा घरात असून नसल्यासारखा झाला, की आईबापांचं काय होतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

गाडी आल्यावर मात्र तो बोलायला लागला, आणि बोलायचा फक्त ब्रेकबद्दल. सामाजी त्या विषयातले दादा. मुंबईला बस-ट्रॅमच्या वर्कशॉपात अठरा वर्षं ब्रेक सेक्शनला फिटर, मग इकडे येरुहामला एका कारखान्याच्या गॅरेजात, आणि आता अश्दोद बंदराच्या ट्रकांवर. पहिल्याच रविवारी संध्याकाळी बाप-लेक गाडी घेऊन मोकळ्या रस्त्यावर गेले. अव्नेरने तिला जोरात सोडून ब्रेक दाबला, थांबली. पुन्हा सोडून दाबला; कुरकुरत थांबली. तिसऱ्या खेपेला पेडल दगडासारखं घट्ट लागलं, चाकांतून धूर आला, आणि बाईसाहेब रस्ता संपून वाळूत शिरल्या तेव्हाच थांबल्या.

"ड्रम तापला," सामाजी म्हणाले. "एवढं वजन, आणि उष्णता जाणार कुठे? कोंडूनच राहते. हिला पुढे डिस्क पायजे. उघडी, वारा लागणारी."

अव्नेरने एका मोडक्या गाडीच्या डिस्क शोधून आणल्या. मागच्या सीटा, आतलं अस्तर, रेडिओ, सगळं काढून वजन उतरवलं. चाकांवर वारा जावा म्हणून पत्र्याची नळकांडी वाकवून पुढे लावली. त्याच्या आखडलेल्या हाताला बारीक काम जमत नसे, ते सामाजी करत. एकदा त्यांनी विचारलंसुद्धा, "अरे, शर्यतीला निघालास ना? इंजिनाला अजून हात लावला नाहीस."

"इंजिन आहे तसं राहू दे, अब्बा. मला ती थांबायला हवी."

सामाजी हसले होते. आपल्याच रक्ताचा आहे म्हणून सुखावले होते. त्या वाक्याकडे नीट बघायचं मात्र राहून गेलं.

डिस्कला दोन्हीकडून दाबून धरणारे पॅड निवडायला तर महिना गेला. साधे मऊ पॅड थंड असताना पहिल्याच दाबाला घट्ट धरतात, पण तापले की साबणासारखे घसरतात. कडक पॅडांची तऱ्हा उलटी. थंड असताना धरायला कुरकुर करतात, एकदा तापले की सोडत नाहीत. अव्नेरने पाच प्रकार घासून, जाळून, वास घेऊन बघितले आणि पिवळ्या पट्ट्याचे कडक पॅड पसंत केले. क्लबचा नियमही तोच होता: दीड टनावरच्या गाडीला कडक पॅडच हवेत. आदल्या दिवशी तपासनीस पुढचं एक चाक उतरवून डोळ्यांनी बघणार, मऊ दिसले तर गाडी बाद.

गुरुवारी सकाळी अव्नेरने ते पॅड रस्त्यावर तापवून-थंडावून चांगले बसवून घेतले, आणि संध्याकाळी तो खाली गाडी धूत असताना रिबेकाने नवऱ्याला स्वयंपाकघरात ओढलं.

"अहो, तुमी त्या गाडीचा पुढचा कप्पा उघडून बघितलात?"

"कुठला कप्पा?"

"डायवरच्या शेजारच्या सीटपुढचा. आत झाकणावर त्याने रंगाने नावं लिवलीत. त्याच्याबरोबर जळाले त्या तिघा पोरांची. आणि खाली जागा मोकळी सोडलीय." तिचा आवाज फाटला. "एका नावाची जागा. त्याचं काय चाललंय ते मना कळतं. तो शर्यतीला जात नाय, त्या तिघांकडे जातो."

"काहीतरीच नको बोलू."

"दीड वर्स मी त्याच्याकडे बघते. तुमी गाडीकडे बघता." तिने डोळ्याला पदर लावला. "मी एलियाहू हानाबीला मालिदा बोलले. त्याची गाडी परत येऊदे, शर्यत नको होऊदे. पण नुसत्या नवसाने काय होणार? तुमी ब्रेकवाले ना? मग ती नापास करा."

सामाजींनी आधी नाही म्हटलं. मग खाली जाऊन कप्पा उघडला. तीन नावं, नेटकी, आणि खाली मोकळी जागा.

शुक्रवारी सकाळी, अव्नेर उठायच्या आधी, त्यांनी दोन्ही पुढची चाकं काढली आणि पिवळ्या पट्ट्याचे पॅड उतरवून साधे मऊ घातले. हात भरभर चालत होते आणि त्या हातांची त्यांना शिसारी येत होती. पण मनाशी हिशेब पक्का होता. दुपारी तपासणी. तपासायला कोण, तर अश्केलोनच्या बसगॅरेजातला येहेझकेल. राहायला अश्दोदलाच, त्यांच्याच गल्लीत. येरुहामला सामाजींच्याच हाताखाली तयार झालेला. पहिल्याच दिवशी त्याला त्यांनी शिकवलं होतं: "बापाने बसवलं असलं तरी चाक खोलून बघ." असा माणूस तपासायला असताना मऊ पॅड सुटणं शक्यच नव्हतं. गाडी बाद होईल, पोरगा दोन दिवस रागावेल, जिवंत राहील. काढलेले पॅड त्यांनी फडक्यात गुंडाळून वर नेले आणि मालिद्यासाठी आणलेल्या पोह्यांच्या डब्यात खुपसले.

अकराला अव्नेर निघाला. निघताना त्याने बापाच्या खांद्यावर हात ठेवला, वाकडा, भाजलेला हात. "तोदा, अब्बा," त्याने आभार मानले. सामाजी मान वर करू शकले नाहीत.

शुक्रवारी संध्याकाळी शब्बातचे दिवे लागले, किद्दूशची प्रार्थना झाली, अव्नेरची खुर्ची रिकामी. "नापास झाला असेल, मित्रांकडे जाऊन बसला असेल रागाने," सामाजी म्हणाले. रिबेकाला तेवढं पुरलं. तिने बऱ्याच महिन्यांनी पोटभर भात खाल्ला.

शनिवारी सकाळी सिनेगॉगात प्रार्थनेच्या मध्ये, तोरा ग्रंथ कपाटातून काढायच्या आधी, येहेझकेल बाकावर सरकत त्यांच्याशेजारी आला. चेहरा फुललेला.

"सामाजीभाऊ, काल तुमच्या पोराची गाडी आली होती माझ्याकडे."

"हां. मग?"

"मग काय! त्याने सांगितलं, ब्रेक अब्बाने बसवले. मी बोललो, बस. तुमच्या कामाला मी पाना लावणार? मना लाज वाटली असती. चाक न खोलता सही केली." त्याने सामाजींच्या गुडघ्यावर थाप मारली. "रात्री तिथंच राहिला तो, आपलं तंबूत. साडेदहाला सुरू होणार."

समोरच्या बाकाची पाठ त्यांनी दोन्ही हातांनी धरली. नाकासमोर चालून चाळीस वर्षांत कमावलेलं नाव, ते असं पोराच्या गळ्याशी आलं होतं. एक माणूस, फक्त एक माणूस त्यांच्यावर विश्वास ठेवणार नाही असं त्यांनी धरलं होतं, आणि नेमका त्यानेच ठेवला.

"किती वाजले?" त्यांनी विचारलं.

"नऊला पाच कमी. काय झालं? सामाजीभाऊ, तुमचा चेहरा—"

"तुझी व्हॅन काढ."

"आज? शब्बात आहे."

"येहेझकेल, व्हॅन काढ. मऊ पॅड आहेत त्यात. मी घातलेत."

येहेझकेलने प्रार्थनेचं पुस्तक मिटलं. मग उठला. दोघे प्रार्थनेतून निघाले तेव्हा प्रार्थना म्हणणारा हजान थबकला, माना वळल्या. बाहेर उष्ण वारा सुटला होता, आकाश पिवळं पडलं होतं. असल्या हवेत साधी उभी गाडीसुद्धा तापते. विमानतळ अठरा किलोमीटर. शनिवारी बस नाही, तिथे टेलिफोन नाही.

व्हॅन इमारतीखाली थांबली. सामाजी दोन मजले चढले, कसे ते त्यांनाही कळलं नाही, आणि रिबेकासमोर पोह्यांचा डबा जमिनीवर पालथा केला. पोहे घरभर पसरले. फडकं सापडलं. रिबेका त्यांच्या गळ्यातला प्रार्थनेचा शेला, ताल्लीत, बघत होती, खाली घुरघुरणारी व्हॅन ऐकत होती.

"पास झाली गाडी," ते म्हणाले. "चाक खोललंच नाही त्याने."

रिबेका मटकन खाली बसली. पोह्यांत बसली. ओरडली नाही, रडली नाही. फक्त म्हणाली, "मी बोलले तुमाला. मी बोलले करा म्हणून." आणि दोन्ही हातांनी स्वतःच्या तोंडात मारून घेऊ लागली. सामाजींना तिचे हात धरायलाही वेळ नव्हता. ते तसेच उतरले.

ताल्लीत गळ्यात घेऊन, शनिवारी, दिवसाढवळ्या, सामाजी झिराडकर व्हॅनमध्ये बसले. समोरच्या गच्चीवरून शुलामितबाईंनी बघितलं, आणि ज्या अर्थी शुलामितबाईंनी बघितलं त्या अर्थी दुपारपर्यंत सगळ्या अश्दोदला कळणार होतं. जीव वाचवायला शब्बात मोडता येतो, हे सामाजींना ठाऊक होतं. त्याची लाज त्यांना नव्हतीच. कशापासून वाचवायचं, कोणापासून, ते सांगायची लाज होती.

येहेझकेलने गाव मागे टाकलं. मग एकदम फुटला. "तुम्ही मना शिकवलंत! दोन वर्सं चाकं खोलायला लावलीत माझ्याकडून, हात सोलून निघाले. तुम्ही बसवलेली पण खोलायला लावायचा."

"मग काल का नाही खोललंस?"

"कारण तुम्ही बसवलेली!" त्याने स्टिअरिंगवर हात आपटला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "माझी पण सही आहे तिथे. पोराला काय झालं तर मी कुठे तोंड दाखवू? का केलंत असं?"

"त्याला मरायचं आहे असं वाटलं आम्हाला," सामाजी म्हणाले.

आणि तोंडातून ते शब्द बाहेर पडले तेव्हा त्यांनी ते पहिल्यांदा नीट ऐकले. तीन महिने तो पोरगा काय करत होता? पाच तऱ्हांचे पॅड जाळून बघत होता. वाऱ्याची नळकांडी वाकवत होता. इंजिनाला त्याने बोट लावलं नव्हतं. ज्याला मरायचं आहे तो ब्रेक कशाला निवडेल? एवढा साधा विचार एका ब्रेकवाल्याला सुचू नये! 'मला ती थांबायला हवी,' त्याने तोंडाने सांगितलं होतं. दीड वर्ष तो पोरगा एका जळत्या गाडीतून उतरू शकत नव्हता, आणि स्वतःच्या पायाने थांबेल अशी एक गाडी बनवत होता. त्या गाडीतलं थांबणंच तेवढं बापाने काढून घेतलं होतं.

"जोरात घे," ते म्हणाले. "येहेझकेल, जोरात घे रे बाबा." ते फडकं छातीशी धरून पुढेमागे झुलत होते. प्रार्थनेचा एक शब्द आठवत नव्हता. वाळू रस्त्यावर आली होती, समोरचं दिसत नव्हतं, आणि दोनदा व्हॅन कडेला घसरता घसरता वाचली.

पोचले तेव्हा पावणेदहा वाजले होते. पण सरावाच्या फेऱ्या आधीच सुरू झाल्या होत्या, हे येहेझकेलला माहीत नव्हतं. धावपट्टीवरून एक गाडी किंचाळत गेली. रबर जळाल्याचा वास. पुढे पिंपांच्या वळणाशी लोक गोळा झालेले, कोणीतरी धावतंय. सामाजी त्या गर्दीकडे पळत सुटले. एक बूट वाळूत राहिला. ते "अव्नेर, अव्नेर" ओरडत गर्दीत घुसले, आणि आत एक छोटी पांढरी गाडी पिंपाला घासून थांबली होती. तिचा मालक शेजारी उभा राहून सिगारेट ओढत होता.

"जड गाडी," ते हिब्रूत म्हणाले. धड वाक्य जुळेना. "जड, अमेरिकन. माझा मुलगा."

कोणीतरी तंबूंच्या पलीकडे बोट दाखवलं.

गाडी जॅकवर उभी होती. पुढची दोन्ही चाकं काढलेली, वाळूत आडवी. त्यातल्या एकावर अव्नेर बसला होता. उजव्या हाताची बोटं सोलवटून रक्ताळलेली. एका हाताने दोन चाकं उतरवायची म्हणजे तेवढं होणारच. मांडीवर चार मऊ पॅड ओळीने ठेवलेले.

सामाजी त्याच्यासमोर उभे राहिले. धाप आवरेना. मुलगा जिवंत आहे एवढं बघून ते तिथेच वाळूत बसले.

अव्नेरने त्यांच्या एकाच पायातल्या बुटाकडे बघितलं, ताल्लीतकडे बघितलं, लांबच्या व्हॅनकडे बघितलं. "आज शब्बात आहे," तो म्हणाला.

"हो."

"काल येताना रस्ता मोकळा होता, जोरात ब्रेक दाबावा लागला नाही. आज पहिली फेरी हळू घेतली मी. थंड ब्रेक होते आणि पहिल्याच दाबाला धरले. कडक पॅड थंड असताना असे धरत नाहीत, तूच सांगितलंस. म्हणून खोलून बघितलं." तो हिब्रूतच बोलत होता, पण शब्द एकेक करून. "सही झाली होती, अब्बा. मला पुढे सोडणार होते. मी इथे दोन तास बसून विचार करतोय, कोणी केलं असेल. दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नाही या गाडीला."

"येहेझकेल चाक उतरवेल, बाद करेल, तू घरी येशील, असं धरलं होतं मी. तुझ्या आईला वाटलं... आम्हाला वाटलं..." सामाजींनी गाडीच्या कप्प्याकडे बोट केलं. "ती नावं बघितली. खाली जागा होती."

"नुसती जागा उरली म्हणून इमाला वाटलं मला मरायचंय?"

"मलापण."

अव्नेरने मांडीवरचे पॅड वाळूत ठेवले. मग पहिल्यांदाच, कित्येक महिन्यांनी, तो मराठीत बोलला. लहानपणची, येरुहामची मराठी. "मना वाटला, तुला वाटतो मी त्यांच्याबरोबर का नाय मेलो. हे पॅड बघून मना वाटला, तू पण तेच बोलतोस."

सामाजींच्या तोंडून आवाज निघाला तो रडण्याचा होता की कसला, ते येहेझकेलला लांबून कळलं नाही. त्यांनी वाळूतून हात पुढे करून मुलाचे पाय धरले. असं आपल्या लोकांत कोणी बाप करत नाही. अव्नेरने ते सोडवलेही नाहीत आणि बापाला उठवलंही नाही.

काही वेळाने सामाजींनी फडकं सोडलं. पिवळ्या पट्ट्याचे पॅड, त्यांच्या फटींत पोहे अडकलेले. त्यांनी ते फुंकून साफ केले, ताल्लीत काढून गाडीच्या टपावर घडी करून ठेवला, आणि पाना उचलला.

"अब्बा, नको. शब्बात."

"माहीत आहे."

व्हॅनमध्ये बसणं माफ होतं. हे माफ नव्हतं. मुलगा सुखरूप समोर बसला होता, वाचवायला जीव कुणाचाच उरला नव्हता. हे नुसतं काम होतं, शनिवारी केलेलं. ज्या दिवसासाठी सामाजींच्या तेली आजोबांनी दर आठवड्याला घाणा थांबवला होता, मुंबईच्या वर्कशॉपात साहेबांच्या शिव्या खाऊन त्यांनी स्वतः रजा घेतल्या होत्या, तो हा दिवस. सामाजींनी पहिला बोल्ट फिरवला. डावे पॅड डाव्याला, उजवे उजव्याला, जसे अव्नेरने तापवून बसवले होते तसे. काम चोख झालं. चाकं चढवली, नट आवळले, जॅक उतरवला.

तिकडे भोंग्यावर नंबर पुकारायला सुरुवात झाली. अव्नेरचा सतरा होता.

सामाजींनी पाना मुलापुढे धरला. "घे. आता खोलून बघ."

अव्नेरने पान्याकडे बघितलं. बाप 'राहू दे' म्हणेल, किंवा आपण म्हणू, अशी एक जागा मध्ये होती. दोघांपैकी कोणी काही म्हटलं नाही. मग अव्नेरने पाना घेतला, जॅक पुन्हा चढवला, आणि सोललेल्या बोटांनी पहिला नट सोडवायला बसला. सामाजी शेजारी उभे राहून बघत होते. मदतीला हात पुढे गेला, तो त्यांनी मागे घेतला.

भोंग्यावर सतराचा पुकारा झाला. पुन्हा झाला. अव्नेरने मान वर केली नाही. डावं चाक खोलून, आत बोट फिरवून, बोल्ट एकेक तपासून त्याने ते परत बसवलं, आणि पाना घेऊन तो उजव्या चाकाकडे गेला.